नांगर कधी उचलायचा?

ऑक्टोबर संपत आला की टोंगाची राजधानी नुकुआलोफा येथील बंदरात शिडाच्या नौकांची गर्दी होऊ लागते. बहुतेक नौका दहा ते पंधरा मीटर लांबीच्या, त्यांवर दोन-तीन माणसे. बरेचदा नोकरीतून मोकळे झालेले नवरा-बायकोच. मे महिन्यापासून ही मंडळी दक्षिण प्रशांत महासागरातल्या बेटांवरून हिंडत असतात. आता त्यांना दक्षिणेला, न्यूझीलंडला जायचे असते, कारण नोव्हेंबर ते एप्रिल हा या बेटांवरचा चक्रीवादळांचा हंगाम. डिझेल भरून झालेले असते, भाजीपाला घेतलेला असतो, कस्टम्सचे कागद तयार असतात. बाहेर लख्ख ऊन पडलेले असते. तरीही कधीकधी आठवडाभर कोणी नांगर उचलत नाही.

ही सगळी माणसे 'वेदर विंडो'ची, म्हणजे हवामानाची खिडकी उघडण्याची वाट पाहत असतात. एका बंदरातून निघून दुसऱ्या बंदरात पोचेपर्यंत वारा आणि लाटा त्या नौकेला व तिच्यावरच्या माणसांना झेपतील एवढ्याच राहतील, असा काळाचा सलग तुकडा म्हणजे ही खिडकी. यातले 'त्या नौकेला' हे शब्द महत्त्वाचे. शेजारी नांगरलेल्या दोन नौकांपैकी एकीसाठी खिडकी उघडी आणि दुसरीसाठी बंद, असे सहज घडते.

कोकणच्या किनाऱ्याला ही कल्पना परकी नाही. फक्त आपल्याकडची खिडकी प्रचंड मोठी आणि बरीचशी ठरलेली असते. मे संपताना होड्या ओढून किनाऱ्यावर घ्यायच्या, गेटवे ते मांडवा प्रवासी बोटी बंद ठेवायच्या, जून-जुलैत मासेमारी थांबवायची आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन पुन्हा दर्यावर जायचे. मोसमी वारे इतके नेमाने येतात-जातात, की सणाच्या तिथीशी हवामानाची सांगड घालता आली. मधल्या काळात एखादे वादळ आले तर बंदरावर बावटा चढतो. टोंगा ते न्यूझीलंड या वाटेवर अशी तिथी नाही. तिथे खिडकी दर काही दिवसांनी उघडते आणि मिटते, आणि प्रत्येकाने ती स्वतः ओळखायची असते.

दिवसाला एकशे तीस मैल

अडचण कळण्यासाठी थोडे गणित करावे लागते. नुकुआलोफापासून न्यूझीलंडच्या उत्तरेकडचे ओपुआ हे बंदर हजाराहून थोडे अधिक सागरी मैलांवर आहे. (एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, ताशी एक सागरी मैल वेगाला एक नॉट म्हणतात.) शिडाची मध्यम नौका सरासरी साडेपाच नॉटने चालली, तर दिवसाला सुमारे १३० मैल कापते. सायकलवाल्याच्याही निम्म्या वेगाने चाललेला हा प्रवास रात्रंदिवस थांबला नाही, तरी आठ दिवस लागतात.

आता हवामानाकडे पाहू. या अक्षांशांवर उच्च दाबाची क्षेत्रे ऑस्ट्रेलियाकडून पूर्वेला सरकत असतात आणि दोन उच्च दाबांच्या मधल्या दरीतून थंड हवेचे पट्टे येतात. ही मिरवणूक ढोबळमानाने आठवड्याला एक उच्च दाब अशा गतीने चालते. कधी पाच दिवस, कधी नऊ. म्हणजे आठ दिवसांच्या प्रवासात निदान एक थंड पट्टा अंगावर घ्यावाच लागणार. पूर्ण प्रवास कवेत घेणारी खिडकी या वाटेवर जवळजवळ अस्तित्वातच नसते. मग वाट कशाची पाहायची? तर वाईट दिवस वाटेत कुठे गाठ घालतील, हे निवडण्याची.

दक्षिण गोलार्धात उच्च दाबाभोवती वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. त्यामुळे त्याच्या पूर्व कडेला दक्षिणेकडून येणारा, उत्तर कडेला पूर्वेकडून येणारा आणि पश्चिम कडेला उत्तरेकडून येणारा वारा मिळतो. नैर्ऋत्येला निघालेल्या नौकेला पूर्वेचा वारा बाजूने लागतो, तो उत्तम. उत्तरेचा वारा पाठीवर येतो, तोही चांगला. दक्षिणेचा वारा मात्र जवळजवळ तोंडावर. शिडाची नौका वाऱ्याच्या थेट समोर जाऊच शकत नाही, तिला नागमोडी वळणे घेत पुढे सरकावे लागते आणि अंतर वाढत जाते. म्हणून जाणता नाखवा उच्च दाबाची पूर्व कड निघून जाऊ देतो, तो आपल्या दक्षिणेला आला की पूर्वेच्या वाऱ्यावर निघतो, मध्यातली निवांत हवा डिझेलवर ओलांडतो आणि मागून येणाऱ्या उत्तरेच्या वाऱ्यावर न्यूझीलंड गाठायला पाहतो. मागचा थंड पट्टा आपल्या आधी तिथे पोचू नये, एवढीच त्याची इच्छा असते. तो पोचलाच तर वारा वायव्येकडून नैर्ऋत्येकडे झटकन फिरतो आणि थेट तोंडावर येतो. सर्वांत थकलेल्या शेवटच्या दोनशे मैलांत हे घडले तर प्रवासातली सर्वांत कठीण रात्र तीच ठरते.

आपल्याकडे पावसाळ्यात वृत्तपत्रे वाचून 'कमी दाबाचा पट्टा' म्हणजे वाईट आणि उच्च दाब म्हणजे चांगले, असा समज पक्का झालेला असतो. या वाटेवर तो फसवा ठरतो. उच्च दाब फार बलवान असेल, म्हणजे मध्यभागी १०३५-१०४० हेक्टोपास्कलपर्यंत गेला असेल, आणि त्याच्या उत्तरेला उष्ण कटिबंधात हवेचा दाब नेहमीसारखा कमीच असेल, तर दोघांच्या मधली हवा चेपली जाते. नकाशावर समदाब रेषा एकमेकींना खेटून येतात. वर निळे आकाश, सूर्य तळपतोय आणि वारा तीस-पस्तीस नॉट. न्यूझीलंडचे खलाशी याला 'स्क्वॉश झोन' म्हणतात. टोंगाच्या बंदरात ऊन पाहून निघालेला नवखा नेमका या चेपलेल्या पट्ट्यात सापडतो. बंदरातले आकाश पाहून खिडकी ठरत नाही, ती ठरते हजार मैल दक्षिणेला आणि पश्चिमेला काय चालले आहे त्यावर.

अंदाजाची नजर किती लांब

हवामानाच्या अंदाजाचा जन्मच मुळी जहाजांच्या काळजीतून झाला. चार्ल्स डार्विनला 'बीगल' जहाजावरून जगभर नेणारे कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय हे पुढे ब्रिटनच्या हवामान खात्याचे पहिले प्रमुख झाले. (मधल्या काळात, १८४३ ते १८४५, ते न्यूझीलंडचे गव्हर्नर होते. आजच्या या नौका ज्या उपसागरात शिरतात, तिथल्या संघर्षानेच त्यांची कारकीर्द अडचणीत आणली.) १८५९मध्ये 'रॉयल चार्टर' हे जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर वादळात फुटले आणि सुमारे साडेचारशे माणसे गेली. त्यानंतर फिट्झरॉय यांनी तारायंत्राने ठिकठिकाणच्या हवेच्या दाबाच्या नोंदी मागवून १८६१मध्ये बंदरांवर धोक्याचे शंकू चढवण्याची पद्धत सुरू केली. आपल्या बंदरांवरचे बावटे त्याच घराण्यातले. त्याच वर्षी त्यांनी वृत्तपत्रात रोजचा अंदाज छापायलाही सुरुवात केली. अंदाज चुकला की त्यांची टिंगल होई.

चुका का होतात, याचे खोलातले उत्तर शंभर वर्षांनी मिळाले. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये एडवर्ड लॉरेंझ हे संगणकावर हवेचे एक सोपे प्रतिरूप चालवत होते. १९६१मध्ये त्यांनी एक गणना मधूनच पुन्हा सुरू केली आणि वेळ वाचवण्यासाठी ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा भरला. हजारातल्या एका भागाहूनही लहान फरक. थोड्या वेळाने दोन्ही गणनांमधले हवामान एकमेकांना ओळखेनासे झाले. सुरुवातीची लहानशी चूक वाढत जाऊन सगळे चित्र पालटते. महासागराच्या प्रत्येक कोपऱ्यातली हवा आपण मोजू शकत नसल्यामुळे ही चूक कायम राहणारच. तपशिलात हवामान सांगण्याची मर्यादा त्यामुळे सुमारे दोन आठवड्यांची मानली जाते आणि व्यवहारात ती त्याहून बरीच कमी असते.

या कोंडीतून शास्त्रज्ञांनी काढलेला मार्ग कौतुकास्पद आहे. एकच अंदाज देण्याऐवजी सुरुवातीचे आकडे मुद्दाम किंचित बदलून अनेक अंदाज काढायचे. युरोपीय मध्यम पल्ल्याच्या हवामान केंद्राने १९९२च्या अखेरीस ही पद्धत नियमित सुरू केली. आज तिथे एका वेळी ५१ अंदाज काढले जातात. सगळे एकमेकांच्या जवळ राहिले तर निर्धास्त व्हावे; चौथ्या दिवशीच ते फुटलेल्या मण्यांसारखे विखुरले तर समजावे की हवेने अजून काही ठरवलेले नाही. नौकेवरच्या माणसाला 'पाचव्या दिवशी १८ नॉट' या एका आकड्यापेक्षा ही दुसरी माहिती अधिक मोलाची असते. गेल्या काही दशकांत दर दहा वर्षांना साधारण एक दिवस, या गतीने अंदाजाची नजर लांबली आहे. आज तीन ते पाच दिवसांच्या अंदाजावर बऱ्यापैकी विसंबता येते. पूर्वी शॉर्टवेव्ह रेडिओवर खरखरत येणारा नकाशा आता उपग्रह इंटरनेटमुळे भर समुद्रात फोनवर दिसतो.

पण फोनवरचे रंगीत बाण वाचायलाही शिकावे लागते. प्रतिरूपातला वारा हा सरासरी असतो. मधले झोत त्याहून तिसऱ्या हिश्श्याने किंवा अधिकही जोरदार असू शकतात. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वीस नॉटचा वारा अठ्ठावीस झाला, की शिडावरचा भार जवळजवळ दुप्पट होतो. लाटांच्या आकड्याचेही तसेच. 'तीन मीटर लाटा' म्हणजे सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी. काही तासांत त्याच समुद्रात एखादी लाट सहा मीटरच्या आसपास उठली तर तो अपवाद नसतो, ते त्या आकड्यातच धरलेले असते.

न्यूझीलंडच्या हवामान सेवेत आयुष्य घालवलेले आणि प्रशांत महासागरातल्या नौकांना दर आठवड्याला हवामानाचे पत्र धाडणारे बॉब मॅकडॅविट यांची एक धारणा या भागातल्या नाखव्यांना पाठ आहे: हवामानात काही भाग आकृतिबंधाचा असतो आणि काही गोंधळाचा. आपला सल्ला फक्त पहिल्या भागापुरता आहे, असे ते बजावतात. सल्लागाराने स्वतःच्या सल्ल्याची हद्द अशी आखून द्यावी, हे इतर क्षेत्रांतही व्हायला हरकत नाही.

भर समुद्रातला थांबा

आठ दिवसांचा प्रवास आणि पाच दिवसांची नजर. ही दोन लांब्यांची विसंगती हाच या वाटेवरचा खरा प्रश्न. निघताना जो अंदाज हाती असतो, त्यात सर्वांत धोक्याचे शेवटचे दिवस नीट दिसतच नाहीत. निसर्गाने मात्र या वाटेवर एक विलक्षण सोय करून ठेवली आहे. नुकुआलोफाच्या नैर्ऋत्येला सुमारे अडीचशे मैलांवर मिनर्व्हा नावाची दोन प्रवाळकडी आहेत. जमीन नाही, झाड नाही. भरतीला कडे पाण्याखाली जाते, ओहोटीला हातभर वर येते. उत्तरेकडच्या गोल कड्याला एकच दार आहे. त्यातून आत शिरून नांगर टाकला, की चहूकडे क्षितिजापर्यंत महासागर आणि नौका मात्र तलावात उभी असल्यासारखी. बाहेर लाटा कड्यावर फुटत असतात. भरतीच्या वेळी आत थोडे हेलकावे बसतात, इतकेच.

मिनर्व्हाचा लौकिक पूर्वी जहाजे फोडणारे कडे म्हणूनच होता. हे नावही तिथे फुटलेल्या देवमाशांच्या शिकारी जहाजावरून पडले. १९६२मध्ये टोंगाहून न्यूझीलंडला निघालेली 'तुआइकाएपाऊ' ही शिडाची नौका दक्षिणेकडच्या कड्यावर रात्री आदळली. वाचलेली माणसे तिथेच अडकलेल्या एका जपानी मासेमारी जहाजाच्या सांगाड्यात तीन महिने राहिली. शेवटी कप्तानाने मोडक्या लाकडांतून एक छोटी होडी उभारली आणि फिजीपर्यंत जाऊन मदत आणली.

आज हेच कडे प्रतीक्षालय झाले आहे. टोंगाहून दोन दिवसांत इथे यायचे आणि थांबायचे. इथून ओपुआ सुमारे आठशे मैल, म्हणजे सहा दिवस. आता प्रवासाची लांबी आणि अंदाजाची नजर जवळपास जुळतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये या निर्जन कड्यात कधीकधी डझनावारी नौका नांगरून असतात. रोज सकाळी रेडिओवर चर्चा होते, एकमेकांच्या नौकांवर जेवणे होतात आणि अंदाज उतरवून घेतले जातात.

वेगाचाही यात वाटा असतो. आठ नॉटने जाणाऱ्या मोठ्या नौकेला मिनर्व्हाहून चार दिवस पुरतात. तिच्यासाठी चार दिवसांची फट हीसुद्धा खिडकी आहे. पाच नॉटच्या नौकेला त्याच फटीत शिरणे म्हणजे अडकणे. म्हणूनच शेजारचा निघाला, या गोष्टीवरून आपल्याला काहीच कळत नाही.

शरीराचा अंदाज

खिडकी ठरवताना पहिल्या दोन दिवसांना अनुभवी माणसे फार जपतात आणि त्याचे कारण वैद्यकीय आहे. बंदरात आठवडाभर स्थिर राहिलेल्या शरीराला समुद्राची सवय मोडलेली असते. आतल्या कानातले तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते की आपण हलतोय. केबिनमधल्या भिंती पाहणारे डोळे सांगतात की सगळे स्थिर आहे. या विसंवादातून मळमळ, घाम, उलट्या सुरू होतात. बहुतेकांना दोन-तीन दिवसांत सवय होते. पण तेच दोन-तीन दिवस वादळी गेले तर उलट्यांनी शरीरातले पाणी कमी होते, अन्न पोटात ठरत नाही आणि दोन माणसांच्या नौकेवर एक जण निकामी झाला की दुसऱ्याला झोपच मिळत नाही. समुद्र लागल्यावर जठराचे काम मंदावते, त्यामुळे मग घेतलेल्या गोळीचाही फारसा उपयोग होत नाही. सिनारिझिन किंवा मेक्लिझिनसारख्या गोळ्या आणि कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी निघण्याच्या आधीच वापरावी लागते. तीही डॉक्टरांना विचारून, कारण गुंगी येणे, तोंड कोरडे पडणे, नजर धूसर होणे हे परिणाम वयस्कांना अधिक जाणवतात.

झोपेचा हिशेब त्याहून गंभीर. दोघे जण तीन-चार तासांच्या पाळ्या लावून आठ दिवस नौका चालवतात. ऑस्ट्रेलियातल्या ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड यांनी १९९७मध्ये दाखवून दिले, की सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाची हातचलाखी आणि समन्वय रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका घसरतो. अनेक देशांत या मर्यादेपुढे गाडी चालवणे गुन्हा आहे. वादळात सापडलेल्या नौकेवर सतरा तास ही तर सुरुवात असते.

माणूस नौकेच्या आधी हरतो, याचा दाखला १९९४च्या जूनमध्ये याच समुद्राने दिला. त्या वेळी प्रवास उलट दिशेचा होता. चक्रीवादळांचा हंगाम संपल्यावर ऑकलंडहून टोंगाकडे एक सामूहिक सफर निघाली होती आणि आणखी काही नौका स्वतंत्रपणे त्याच वाटेवर होत्या. निघताना हवा चांगली होती. अर्ध्या वाटेवर असताना फिजीच्या बाजूला एक कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले आणि दक्षिणेकडे सरकत झपाट्याने खोल होत गेले. हवामानशास्त्रज्ञ अशा क्षेत्राला 'बॉम्ब' म्हणतात. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला, नौका कोलांट्या खाऊ लागल्या. न्यूझीलंडच्या हवाई दलाची ओरायन विमाने, 'मोनोवाई' हे नौदलाचे जहाज आणि आसपासची व्यापारी जहाजे यांनी २१ जणांना वाचवले. सात नौका सोडून द्याव्या लागल्या. 'क्वार्टरमास्टर' ही नौका तिच्यावरच्या तिघांसह नाहीशी झाली. सोडून दिलेल्यांपैकी 'रामथा' नावाची दोन सांगाड्यांची नौका मात्र वादळानंतरही तरंगत राहिली आणि पुढे सापडली.

या घटनेवर पुढे बरीच चर्चा झाली आणि दोष ठरलेल्या तारखेला निघण्यावर टाकला गेला. तो पूर्ण न्याय्य नाही. निघायच्या दिवशी ते क्षेत्र जन्मालाही आले नव्हते. त्या काळच्या अंदाजाला ते दिसणे कठीणच होते. चांगली खिडकी निवडूनही वाईट घडू शकते, हे मान्य करावे लागते. पण तारखेचा मुद्दा मात्र खोटा नाही.

तारखेचे ओझे

बंदरात थांबलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात एक तारीख असते. अनेकांच्या विमा पॉलिसीत १ नोव्हेंबरनंतर चक्रीवादळांच्या पट्ट्यात राहिल्यास संरक्षण नाही, अशी अट असते. कोणाचा व्हिसा संपत आलेला, कोणाच्या मदतीला आलेल्या मित्राचे परतीचे विमान ठरलेले, कोणाच्या मुलीला ऑकलंडमध्ये बाळ व्हायचे. या तारखा हवामानाला माहीत नसतात. पण अंदाज वाचणाऱ्या डोळ्यांना त्या नेमक्या दिसत असतात. दोन प्रतिरूपांपैकी एक थांबा म्हणते आणि दुसरे निघा म्हणते, तेव्हा घाई असलेल्या माणसाला दुसरे प्रतिरूप अचानक अधिक भरवशाचे वाटू लागते.

विमान अपघातांचा अभ्यास करणाऱ्या नासाच्या संशोधकांनी या मानसिक ओढीचा बराच मागोवा घेतला आहे. परिस्थिती बदलली तरी आधी ठरलेला बेत पुढे रेटत राहण्याची वैमानिकांची प्रवृत्ती, आणि मुक्काम जितका जवळ तितकी ती बलवान. वैमानिकांच्या बोलीत याला 'गेट-देअर-आयटिस' असे रोगाचेच नाव पडले आहे. त्यात घोळक्याची भर पडते. मिनर्व्हात सकाळी एक नौका दाराकडे निघाली, की अर्ध्या तासात आणखी चार नांगर वर येतात. त्या पहिल्या नौकेचा वेग किती, तिच्यावर माणसे किती, हे कोणी विचारत नाही.

यावरचा उपाय साधा आहे आणि तो बंदरात, पोटभर जेवण झालेले असताना करायचा असतो. आपल्या अटी कागदावर लिहून ठेवायच्या: वारा किती नॉटपर्यंत चालेल, कोणत्या दिशेने चालणार नाही, किती अंदाज एकमेकांशी जुळायला हवेत, पहिल्या दोन दिवसांत लाटा किती. नौकेवरचा कोणीही एक 'नको' म्हणाला तर निघायचे नाही, असाही नियम अनेक जण पाळतात. मित्राच्या विमानाचे तिकीट बदलायला लागणारे पैसे एकंदरीत स्वस्तच पडतात.

पण फार थांबणे हीसुद्धा चूक ठरू शकते, ही या खेळातली खोच आहे. सर्वगुणसंपन्न खिडकीचा हट्ट धरणारा एकामागून एक बऱ्या संधी सोडत जातो आणि नोव्हेंबरच्या अखेरीस, उत्तरेला पहिले चक्रीवादळ घोंगावू लागले, की मिळेल त्या हवेत निघतो. सोडलेल्या प्रत्येक खिडकीची तुलना पुढच्या आदर्श खिडकीशी नव्हे, तर या हंगामात इथे साधारण मिळणाऱ्या खिडकीशी करावी लागते. म्हणून जुनी मंडळी ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच हाताशी वेळ ठेवून टोंगात येतात.

मोठ्या प्रवासात हीच निवड ऋतूंच्या मापाने करावी लागते. भारतीय नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी गोव्यात बांधलेल्या 'आयएनएसव्ही तारिणी'तून केलेली पृथ्वीप्रदक्षिणा त्याचे उदाहरण. २ ऑक्टोबर २०२४ रोजी, पावसाळा ओसरताना, त्या गोव्याहून निघाल्या. न्यूझीलंडच्या लिटलटन बंदरातला मुक्काम आटोपून दक्षिण अमेरिकेचे केप हॉर्न हे टोक तिथल्या उन्हाळ्यात ओलांडता यावे, असा तो बेत होता. त्या २९ मे २०२५ रोजी गोव्यात परतल्या. एरवी ही तारीख पावसाळ्याच्या उंबरठ्यावरची. त्या वर्षी मात्र मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत येऊन थडकला होता. आपली ती मोठी, नेमस्त खिडकीही कधीकधी आठवडा-दोन आठवडे आधी मिटते.

मिनर्व्हातल्या माणसांना मात्र वाट पाहताना आणखी एक काम असते. न्यूझीलंडचे जैवसुरक्षा खाते ताजी फळे, भाज्या, मध यांतले काहीही देशात शिरू देत नाही. ओपुआच्या धक्क्यावर अधिकारी नौकेत येऊन उरलेले सगळे पिशवीत भरून नेतात. म्हणून खिडकी लांबली, की टोंगाच्या बाजारातून आणलेल्या अननसांचा आणि भोपळ्यांचा फडशा पाडायचा सपाटा सुरू होतो. नांगर उचलला जाईपर्यंत बहुतेक नौकांवर फक्त तांदूळ, डाळीचे डबे आणि कांदे उरलेले असतात. कांदेही ओपुआला पोचायच्या आत संपवावे लागतात.